किराणा दुकानाचं पॅम्प्लेट : अजून छापायचं की आता बंद करायचं?



दिवाळी जवळ आली की किराणा दुकानदारांचा एक प्रश्न हमखास येतो. "सर, पॅम्प्लेट छापू का? की आता सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच करू?" व्हिडिओत आपण यावर बोललोच आहोत. पण आकडेमोड ऐकताना निसटते, म्हणून इथे सावकाश लिहून देतोय. कागद-पेन घेऊन बसा आणि माझ्या आकड्यांच्या जागी तुमचे आकडे टाका.

प्रश्न साधा वाटतो, पण आजच्या घडीला तो दुकान टिकवण्याचा प्रश्न आहे. शहरात दहा-पंधरा मिनिटांत सामान घरी आणून देणारी अ‍ॅप्स आहेत, महिन्याची खरेदी डीमार्टकडे जाते आणि तुमच्याकडे उरतं ते अर्धा लिटर दूध, कोथिंबीर नि उधारी. महिन्याचं वाणसामान तुमच्याकडे परत कसं आणायचं, हा खरा प्रश्न. पॅम्प्लेट हे त्यातलं फक्त एक हत्यार आहे.

मोठ्यांनी बंद केलं, मग आपण का छापायचं?

जर्मनीत रेवे नावाची मोठी सुपरमार्केट साखळी आहे. तिने जुलै २०२३ पासून घरोघरी टाकायची छापील पत्रकं बंद केली. फ्रान्समधल्या लक्लेर्कनेही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तसंच केलं. कागदाचा खर्च, पर्यावरण आणि मोबाइलवर गेलेलं गिऱ्हाईक अशी कारणं होती. हे वाचून कोणी म्हणेल, झालं, कागद संपला.

पण थांबा. त्याच जर्मनीत लिडलने आपली छापील पत्रकं चालूच ठेवली. धंदा एक, देश एक, निर्णय दोन.

रेवेने कागद सोडला, कारण तिच्याकडे स्वतःचं अ‍ॅप होतं आणि गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता तयार होता. तुमच्याकडे काय आहे? मोबाइलमध्ये सेव्ह केलेले दोन-तीनशे नंबर. म्हणून मोठ्यांची नक्कल करण्याआधी स्वतःला विचारा : कागद बंद केला, तर अनोळखी घरापर्यंत मी पोचणार कसा?

कागदाचं काम वेगळं, व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं

इथे बरेच जण गल्लत करतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणांची मर्यादा असते. शिवाय ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप कोणापर्यंत जातं? जो आधीच तुमचा आहे त्याच्यापर्यंत. ते गिऱ्हाईक टिकवायचं साधन आहे.

पेपरमध्ये टाकलेलं पॅम्प्लेट मात्र ज्या घराने तुमचं नावही ऐकलेलं नाही, तिथे जातं. ज्या सोसायटीत वॉचमन सेल्समनला गेटवर अडवतो, तिथे पेपरची घडी आरामात आत जाते. आणि ज्या घरात अजून पेपर येतो, तिथे बहुतेक वेळा महिन्याची यादी करणारं माणूसही असतं. पॅम्प्लेट हे नवीन गिऱ्हाईक आणायचं साधन आहे.

म्हणून "कागद की मोबाइल" हा प्रश्नच चुकीचा आहे. कागदाने आणायचं, मोबाइलने धरून ठेवायचं.

आता हिशोब

खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत. छपाईचे आणि पेपर लाइनचे दर गावागणिक बदलतात.

समजा, २००० पॅम्प्लेट छापली. छपाई ३००० रुपये, पेपरवाल्याला टाकायचे १००० रुपये. एकूण ४००० रुपये.

नवीन गिऱ्हाइकाचं सरासरी बिल १५०० रुपये धरा आणि तुमचं मार्जिन सरासरी १० टक्के. म्हणजे नेहमीच्या दराने एका बिलामागे १५० रुपये सुटतात. पॅम्प्लेटवरच्या साखर, तेल, रवा या तीन वस्तूंवर मिळून ३० रुपये सवलत दिली, तर हातात उरले १२० रुपये.

४००० भागिले १२० केलं तर ३४ नवीन गिऱ्हाइकं आली की खर्च निघाला. शंभर घरांमागे दोनसुद्धा नाहीत. सोपं वाटतंय ना?

पण यात एक गोष्ट धरलेली नाही. तुमचं जुनं गिऱ्हाईकही तेच पॅम्प्लेट घेऊन येणार. ते तसंही येणारच होतं, आता ३० रुपये कमी देऊन जाईल. अशी १०० घरं धरली तर आणखी ३००० रुपये गेले. खरा खर्च ७००० झाला आणि लागणारी नवीन गिऱ्हाइकं ५९. म्हणजे शंभर घरांमागे जवळजवळ तीन.

(जुन्या माणसाला "ही ऑफर तुमच्यासाठी नाही" असं चुकूनही सांगू नका. ते ३००० रुपये नातं जपण्याचा खर्च म्हणून धरा, पण हिशोबात धरा.)

आता समजा ५९ आलीच नाहीत, ३० आली. तीस गुणिले १२०, म्हणजे ३६०० रुपये मिळाले. पहिल्या महिन्यात ३४०० रुपयांचा तोटा. इथेच बरेच दुकानदार म्हणतात, "पॅम्प्लेट चालत नाही."

जरा पुढे बघा. त्या ३० पैकी फक्त पाच घरं कायमची जोडली गेली आणि पुढचे ११ महिने दर महिन्याला १५०० चं सामान नेऊ लागली, तर ५ गुणिले १५० गुणिले ११, म्हणजे ८२५० रुपये. तोटा वजा करून वर्षअखेरीस ४८५० रुपये शिल्लक. आणि एकही घर टिकलं नाही, तर ३४०० बुडाले ते बुडालेच.

म्हणजे पॅम्प्लेट चाललं की नाही, हे गर्दीवरून ठरत नाही. आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या महिन्यात परत आले, त्यावर ठरतं.

चांगलं पॅम्प्लेट कसं असतं?

१. ते यादीसारखं असावं. आपल्याकडे घरोघरी महिन्याची यादी करतात. मग पॅम्प्लेटच्या एका बाजूला सात-आठ ऑफर द्या आणि दुसऱ्या बाजूला छापील यादी : डाळी, तांदूळ, पीठं, तेल-तूप, मसाले, साबण, आणि प्रत्येकासमोर किलो लिहायला मोकळी जागा. ऑफरचा कागद रद्दीत जातो. यादीचा कागद फ्रिजवर लागतो आणि त्यावर तुमचा नंबर असतो. मागे पेनाने लिहायचं असल्यामुळे गुळगुळीत आर्ट पेपर नको, साधा कागद घ्या. स्वस्तही पडतो.

२. वेळ साधा. पगार होतो महिन्याच्या सुरुवातीला. पॅम्प्लेट २८ ते ३० तारखेच्या दरम्यान घरात पडलं पाहिजे, १० तारखेला नाही. सणाचं गणितही तसंच. श्रावणाआधी साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे. दिवाळीच्या दोन-अडीच आठवडे आधी रवा, मैदा, बेसन, पिठीसाखर, पातळ पोहे. उन्हाळ्यात वर्षाचे गहू आणि वाळवणाचं सामान. वसुबारसेला फराळाचं पॅम्प्लेट टाकून उपयोग नाही, तोवर चकल्या तळून झालेल्या असतात.

३. भाव त्याच मालाचे छापा जो गोदामात आहे. तेलाचे, डाळींचे भाव आठवड्यात हलतात. पॅम्प्लेट छापून वाटेपर्यंत चार दिवस जातात. आज डीलरने सांगितलेला भाव छापला आणि परवा डबा महागला, तर घरचे पैसे घालून विकावं लागेल. आधी माल भरा, मग भाव छापा.

४. मर्यादा लिहा. "एका ग्राहकास ५ किलो साखर, १००० रुपयांच्या खरेदीवर, १ ते ७ तारखेपर्यंत." ही ओळ नसेल तर पहिल्याच दिवशी चहाची टपरीवाला पन्नास किलो साखर उचलून नेईल. त्याचा राग धरू नका, तो त्याचा धंदा करतोय. दार तुम्ही उघडं ठेवलंत.

५. कायदा सांभाळा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. गिऱ्हाइकाला ओढायला स्वस्त भाव दाखवायचा आणि दुकानात "संपलं हो" सांगून दुसराच माल गळ्यात मारायचा, हे त्यात बसत नाही. पुरेसा माल ठेवा, साठा मर्यादित असेल तर तसं स्पष्ट छापा. पॅम्प्लेट विजेच्या खांबावर, भिंतींवर चिकटवू नका. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ पासून कायदा आहे आणि पॅम्प्लेटवर नाव-पत्ता तुमचाच असतो.

कागदापासून मोबाइलपर्यंतचा पूल

हे केलं नाही तर बाकीचं सगळं वाया.

पॅम्प्लेटवर क्यूआर कोड टाका. तो स्कॅन केला की थेट तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं पाहिजे आणि मेसेज आधीच लिहिलेला असला पाहिजे : "मला यादी पाठवायची आहे – गणेशनगर." व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये असा तयार मजकूर घालता येतो. दोन भागांत वाटणार असाल तर दोन वेगळे कोड करा. कुठून किती आले ते आपोआप कळेल.

ज्यांना क्यूआर जमत नाही त्यांच्यासाठी कोपऱ्यात कापायचं कूपन ठेवा, मागे भागाचं नाव. काउंटरवर कूपन घेताना एवढंच विचारा, "काकू, पुढच्या महिन्यात यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकाल का? सामान घरपोच देतो." हो म्हणाल्या तर नंबर घ्या आणि तुमचा नंबर तिथल्या तिथे त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. नाही म्हणाल्या तर हसून सोडून द्या. न विचारता मेसेजचा मारा केला तर माणूस ब्लॉक करतो आणि दुकानही बदलतो.

महिनाअखेरीला त्या नवीन नंबरांना एकच मेसेज : "यादी पाठवा, सकाळी दिली तर संध्याकाळी सामान घरी." रोजचे गुड मॉर्निंग नकोत.

मग छापायचं की नाही?

तीन गोष्टी तपासा. एक, तुमच्या आसपास पेपर घेणारी घरं किती, हे पेपरवाल्यालाच विचारा. तुमच्या पट्ट्यात बहुतेक भाड्याने राहणारी तरुण मुलं असतील आणि पेपर येतच नसेल, तर छपाईचे पैसे वाचवा. दोन, घरपोच सामान देणारा माणूस आहे का? तीन, आलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर लिहून घ्यायची शिस्त आहे का? पहिल्याचं उत्तर "बरीच" आणि बाकी दोन्हींचं "हो" असेल, तर बिनधास्त छापा. शेवटच्या दोनपैकी एकाचंही उत्तर "नाही" असेल, तर आधी ते दुरुस्त करा. तोवर पॅम्प्लेट म्हणजे दुसऱ्याच्या शेतात पाणी सोडणं.

या महिन्याचा गृहपाठ

एकदम २००० छापू नका, ५०० छापा. एका भागात वाटा, तसाच दुसरा भाग मुद्दाम कोरा ठेवा. एका वहीत चार रकाने आखा : तारीख, भाग, बिल, नवीन की जुनं. दुसऱ्या महिन्यात पाचवा रकाना जोडा : परत आले का?

दोन महिन्यांनी ती वही उघडा. पुढचं पॅम्प्लेट छापायचं की नाही, ते तुमची वहीच सांगेल.