हौदा चेपला, पैसे कुणाचे? गाडीच्या विम्याचा धडा

मैत्रिणींनो, आपल्या प्रभाग संघातल्या किती घरांसमोर आता पिकअप किंवा छोटा हत्ती उभा असतो, बघा. भेंडी, काकडी, भात, गवताच्या पेंढ्या, लग्नाचं सामान, सगळं त्यातूनच जातं. गाडीसाठी गटाचं कर्ज काढलेल्याही आहेत. पण विम्याचा कागद कुठे आहे विचारलं की उत्तर एकच, "यांच्याकडे असेल." म्हणून हा धडा. यात माझी एक चूकही आहे, तीही सांगते.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतल्या आपल्या एका ताई. नाव लिहीत नाही, त्यांना विचारूनच हे छापतोय. गाडी साडेतीन वर्षांची. म्हशाच्या यात्रेचे दिवस, रस्त्यावर ही गर्दी. काकडी भरून मुरबाडकडे निघालेल्या गाडीला मागे घेणाऱ्या एका ट्रकने डाव्या कोपऱ्यावर धडक दिली. मागचा फाळका वाकला, बाजूचा पत्रा फाटला, खालचं चॅनेल दबलं, एक दिवा फुटला. माणसांना काही झालं नाही. ट्रकवाल्याने तिथल्या तिथे पाच हजार पुढे केले आणि "काही तक्रार नाही" असं लिहून मागितलं. दादांनी घेतले नाहीत, ते बरं झालं. असं लिहून दिलं की आपल्या विमा कंपनीला समोरच्याकडून वसुली करता येत नाही, आणि मग ती आपल्याच दाव्यावर बोट ठेवते. मुलीने मोबाइलवर ट्रकच्या नंबरचा फोटो काढला होता. हुशार पोरगी.

संध्याकाळी ताईंचा फोन आला, "मॅडम, वेल्डिंगवाला म्हणतो सकाळी सुरू करतो. करू का?" मी म्हटलं, "फोटो आहेत ना? मग करून घ्या, माल थांबत नाही."

इथेच चुकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी संघाच्या बैठकीत मी हे सहज सांगितलं, तर एक वयस्कर काकू (त्यांचा भाऊ ट्रक चालवतो) एकदम म्हणाल्या, "अगं, सर्वे झाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नसतो!" लगेच फोन करून काम थांबवलं, कंपनीच्या टोल फ्री नंबरवर अपघात कळवला, दाव्याचा नंबर लिहून घेतला. तोवर फाळका कापून भंगारवाल्याकडे गेलेला.

कंपनीने सर्व्हेअर पाठवला. सर्व्हेअर म्हणजे नुकसान मोजणारा परवानाधारक माणूस. गाडीचा दावा 50,000 रुपयांच्या वरचा असेल तर तो लागतोच. त्याची फी कंपनी देते, आपण द्यायची नाही. त्याने पत्रा पाहिला, चॅनेल पाहिलं, आणि विचारलं, "जुना फाळका कुठंय?" नव्हता. फोटो अंधारातले, त्यात फाळका नीट दिसेना. ती रक्कम त्याने धरली नाही. जुने सुटे भाग शेवटपर्यंत ठेवायचे असतात, काम झाल्यावरही कंपनी पुन्हा बघायला येऊ शकते.

आता हिशेब. वहीत लिहून घ्या. जीएसटी बाजूला ठेवलाय, सोपं जावं म्हणून.

गॅरेजचं एस्टिमेट 54,000 रुपयांचं. पत्रा, चॅनेल आणि फाळका मिळून 28,000 (त्यात फाळक्याचे 6,000), दिवा 3,000, रंग 8,000, लेबर 15,000.

ताईंना वाटलं, विमा आहे म्हणजे 54,000 मिळणार. तसं नसतं. जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसतो, म्हणून कंपनी गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापते. लोखंडी आणि लाकडी भागांवर पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत 5 टक्के, दुसऱ्या वर्षी 10, तिसऱ्या वर्षी 15, चौथ्या वर्षी 25, पाचव्या वर्षी 35, त्यानंतर दहा वर्षांपर्यंत 40, पुढे 50. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर गाडी कितीही नवी असली तरी 50 टक्के. काचेवर काही कापत नाहीत. लेबरवरही नाही.

ताईंची गाडी चौथ्या वर्षात. फाळका सोडून उरले 22,000, त्यातून 25 टक्के गेले, राहिले 16,500. लेबर 15,000 पूर्ण. झाले 31,500. पॉलिसीतली सक्तीची वजावट 500. हातात 31,000.

मग दिवा आणि रंग? इथे मीही अडखळले होते. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बंपर आणि रंगकाम धरलेलं नसतं, पूर्ण गाडीच गेली तर गोष्ट वेगळी. त्यासाठी जादा हप्ता भरून 'आयएमटी 23' नावाचं कलम घ्यावं लागतं. एजंट स्वस्त पॉलिसी दाखवतो तेव्हा बहुतेक हेच गाळलेलं असतं. पॉलिसीवर हा आकडा शोधा.

म्हणजे 54,000 पैकी 23,000 घरचे गेले. त्यातले 4,500 माझ्या फोनमुळे, कारण फाळका दिसला असता तर 6,000 मधले 75 टक्के मिळाले असते. ताई काही बोलल्या नाहीत. मला मात्र तो आकडा पाठ झालाय.

एक गोष्ट नशिबाने बरोबर निघाली. पुष्कळ गाड्या नुसत्या केबिन आणि चेसिसवर येतात, हौदा आपण बाहेर बॉडीबिल्डरकडून बांधतो. विमा उतरवताना त्या हौद्याची किंमत वेगळी सांगितली नाही तर पॉलिसीत बॉडीच्या रकान्यात शून्य येतं, आणि हौदा चेपल्यावर भांडायला जागा राहत नाही. ताईंच्या पॉलिसीत तो रकाना भरलेला होता. आणि हो, नुसता 'थर्ड पार्टी' विमा असेल तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीला एक रुपयाही मिळत नाही. तो कायद्याने सक्तीचा आहे, पण दुसऱ्याच्या नुकसानीसाठी.

कागदांपैकी आरसी, पॉलिसी, चालकाचं लायसन्स आणि फिटनेस हे चार चालू मुदतीचे लागतात. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला फिटनेस दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. लायसन्सवरून कुणी घाबरवलं तर लक्षात ठेवा, साध्या एलएमव्ही लायसन्सवर 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला हे कायम केलंय.

आता पैशांचं. कंपनीशी जोडलेल्या गॅरेजमध्ये कॅशलेस होतं, तिथे आपला वाटा भरून गाडी सुटते. ताईंचं गॅरेज तसं नव्हतं. तो म्हणाला, पूर्ण पैसे द्या आणि गाडी न्या. गटाने बैठक घेऊन 30,000 अंतर्गत कर्ज दिलं, बाकीचे घरातून आले. पक्कं बिल आणि पावती घेतली, कारण कच्च्या चिठ्ठीवर कंपनी पैसे देत नाही. पण कंपनीचे 31,000 आले ते दादांच्या खात्यात! आरसी आणि पॉलिसी त्यांच्या नावाची, कर्ज ताईंच्या नावाचं. त्यातून आधी गाडीचा थकलेला हप्ता गेला, डिझेलची उधारी गेली. गटाचे हप्ते ताई अजून मजुरीतून फेडतायत. दादा वाईट नाहीत, पण पैसा ज्याच्या खात्यात येतो तोच ठरवतो. गटाच्या कर्जातून गाडी घेताना आरसीवर नाव कुणाचं, हे ठरावात लिहायला हवं, असं मला वाटतं. यावर भांडण झालं तरी चालेल.

नुकसान लहान असेल तर दाव्याआधी गणित करा. दावा न केल्याबद्दल पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत सूट वाढत जाते, दावा केला की ती जाते.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील नाही. आयआरडीएआयचा फोन 155255.

पुढच्या मासिक बैठकीला ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी पॉलिसीची झेरॉक्स आणा. बॉडीचा रकाना आणि आयएमटी 23, दोन्ही मिळून शोधू. चष्मा विसरू नका, अक्षर फार बारीक असतं.