गाडी भरून उभी, ओटीपी गगनबावड्याला

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतात, ती मशीनवर घेऊन आम्ही पुढं पाठवतो. ऑफिस मी बघते. माल भरला तरी ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडत नाही. त्या पोर्टलवर पासवर्डनंतर ओटीपीही द्यायची सक्ती २०२५ च्या जानेवारीत २० कोटींवरच्या उलाढालीला आली, फेब्रुवारीत ५ कोटींवरच्यांना आणि १ एप्रिलपासून आमच्यासारख्या सगळ्यांना. नोंदलेला मोबाइल नंबर माझा होता. म्हणजे बिल काढणार हिशेबनीस आणि ओटीपी येणार माझ्याकडे.

एप्रिलमध्येच गगनबावड्याकडं नात्यातल्या एका कार्याला गेले होते. तिथं रेंज नाही. परतताना कळ्याजवळ फोन वाजला तेव्हा साडेसात झाले होते. "वहिनी, गाडी चारपासनं भरून हुबी हाय. डायवर लई कावलाय. ओटीपी सांगा की." बेळगावची गाडी होती. माल रात्री उशिरा पोचला आणि आम्हाला ऐकून घ्यावं लागलं.

त्याच आठवड्यात आम्ही एक सोय केली, आणि तीच आम्हाला नडली. माझ्या फोनवर एसएमएस पुढं पाठवणारं एक ॲप टाकलं. आलेला प्रत्येक मेसेज आपोआप हिशेबनिसाच्या फोनवर जायचा. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. पण प्रत्येक मेसेज म्हणजे बँकेचाही ओटीपी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जूनमध्ये त्याला व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची फाइल आली. गाडीचा दंड असेल म्हणून त्यानं ती उघडली. ते चलन नव्हतं, मेसेज वाचणारं ॲप होतं. कुरिअरचे पैसे भरायला मी पूर्वी पाठवलेला कार्डाचा फोटोही त्याच फोनमध्ये होता. रविवारी पहाटे तीन व्यवहारांत एकसष्ट हजार गेले. बँकेचा ओटीपी माझ्याकडून त्याच्याकडं आणि त्याच्याकडून चोराकडं, काही सेकंदांत पोचला होता. उठल्या उठल्या १९३० वर फोन केला, कार्ड बंद केलं. काही रक्कम अडवता आली, बाकीची गेली. पोराचा चेहरा पडला होता. त्याला मी दोष दिला नाही. दार मीच उघडं ठेवलं होतं.

नंतर शांतपणे बसून वाचलं तेव्हा कळलं, की हवी ती सोय पोर्टलवरच होती. ई-वे बिलाच्या खात्यात उपवापरकर्ता तयार करता येतो. हिशेबनिसाचं लॉगिन वेगळं, नंबर त्याचा, ओटीपीही त्याच्याच फोनवर. माझ्या फोनशी संबंधच उरत नाही. एसएमएस वेळेवर येत नसेल तर सरकारी 'संदेस' ॲपवर ओटीपी घेता येतो, किंवा 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' हे ॲप वापरता येतं. ते पोर्टलवरूनच उतरवून घ्यायचं, कुणी पाठवलेल्या लिंकवरून कधीच नाही. त्यात दर ३० सेकंदांनी नवा आकडा दिसतो आणि त्याला नेट लागत नाही, रेंजही लागत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये एसएमएसची वाट बघणाऱ्याला याची किंमत विचारा! पोर्टल उघडायला नेट हवंच, पण ते ऑफिसच्या ब्रॉडबँडवर असतं.

गूगल ऑथेंटिकेटरसारखी ॲपं याच धर्तीवर चालतात. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन केला की एक गुप्त किल्ली फोनमध्ये राहते. ती किल्ली आणि चालू वेळ यांवरून फोन आणि सर्व्हर आपापल्या जागी एकच आकडा काढतात. म्हणून फोनचं घड्याळ आपोआप जुळणारं ठेवा. आमचं एकदा काही मिनिटं पुढं गेलं आणि प्रत्येक आकडा चुकीचा ठरत होता. तासभर आम्ही पासवर्डच तपासत बसलो.

ईमेलला मात्र मी पासकी लावली. बोट ठेवलं की काम झालं. नकली पानावर ती चालतच नाही. ॲपमधला आकडा आपण घाबरून फोनवर कुणाला सांगू शकतो, पासकी सांगायची म्हटली तरी सांगता येत नाही. बँकांनाही आता एसएमएसपलीकडं बघता येईल: रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश दोन घटकांची पडताळणी मागतात, पण त्यातला एक एसएमएसच हवा असं म्हणत नाहीत. तुमची बँक स्वतःच्या ॲपमधून मंजुरी देत असेल तर ती सुरू करून घ्या.

फोन हरवला तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. गूगल प्रत्येकी आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं, एक कोड एकदाच चालतो. ते छापून ठेवायचे, फोनमध्ये फोटो काढून नाही. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरची खालच्या कपाटातली सगळी कागदपत्रं लगदा झाली होती. म्हणून कोड प्लास्टिकच्या पाकिटात घालून माळ्यावर ठेवलेत आणि दुसरी प्रत नणंदेकडं साताऱ्याला आहे.

शेजारच्या शेडमधले काका अजून मेसेज फॉरवर्ड करतात. येत्या सोमवारी सुट्टी आहे. त्या दिवशी त्यांच्याकडं जाऊन ते ॲप काढून टाकणार आहे. उपवापरकर्ता कसा करायचा ते आमचा हिशेबनीस त्यांच्या मुलाला दाखवणार आहे.