हातमोजे आणि हातांची भाषा

प्रश्न : माझा मुलगा कर्णबधिर आहे. खुणांचे आवाजात रूपांतर करणारे हातमोजे घेतले, तर आम्हांला सांकेतिक भाषा शिकावी लागणार नाही ना?
— एक माता, सातारा

उत्तर : भगिनी, २०१६ साली अमेरिकेत पारितोषिक मिळविणारे तसले हातमोजे तेथील सांकेतिक भाषेसाठी होते, आपली भारतीय सांकेतिक भाषा निराळी; शिवाय ते केवळ हातांची हालचाल टिपीत, आणि या भाषांचे व्याकरण तर भुवया, मुखमुद्रा व खांद्यांचा कल यांतही वसत असल्याने प्रश्न व विधान यांतील भेदही त्यांतून निसटे. हातमोज्यांऐवजी बाजारहाट करताना बोलणे लिहून दाखविणारा मोबाईल अवश्य वापरावा. दवाखान्यात वा कचेरीत मात्र प्रशिक्षित दुभाष्याचीच तजवीज करावी. मुलाशी बोलण्यासाठी मात्र भारतीय सांकेतिक भाषा तुम्ही शिकाच. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दृश्य शब्दकोश विनामूल्य उपलब्ध आहे.