जाऊन ये

अगं, बस अशी जवळ. तुझं जपानला जायचं ठरलं हे काल तुझ्या आईने सांगितलं आणि मला रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. कॉलेजचा ग्रुप, दहा दिवस, त्यातले चार योकोहामाला एका घरी मुक्काम. तू बॅग कुठली घ्यावी विचारत होतीस. बॅगेचं बघू नंतर. आधी त्या चार दिवसांचं बोलू. बाकीचे सहा बसमध्ये, देवळांत आणि फोटोंत छान जातील, पण आयुष्यभर आठवतील ते हे चार.

मी तुझ्याच वयाची असताना अशाच ग्रुपबरोबर गेले होते. पहिल्या रात्री पाहुणी म्हणून मला आंघोळीला सगळ्यांच्या आधी पाठवलं. तिथं टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं आणि मग टबातल्या कढत पाण्यात नुसतं बसायचं. तेच पाणी मागून घरातले सगळे वापरतात. मला हे ठाऊक नव्हतं. मी उठले आणि टबाचं बूच काढलं. बाहेर आले तर त्या घरातल्या आजी मांडीवर टॉवेलची घडी घेऊन आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या. कुणी एक शब्द बोललं नाही. आतून टब पुन्हा भरत असल्याचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला. लालबागच्या चाळीत पहाटे उठून पिंप भरणारी मुलगी मी! त्या आवाजाने माझ्या पोटात कालवाकालव झाली.

म्हणून सांगते, परक्या घरी कसं राहायचं हे तुला चाळीने शिकवलंय, ते इथं ठेवून जाऊ नकोस. चपला दारात काढायच्या. तिथं त्या जाताना पटकन घालता याव्यात म्हणून दाराकडे तोंड करून ठेवतात, एवढाच फरक. संडासात वेगळ्या सपाता असतात, त्या तिथंच सोडायच्या. बाकी भिंतीपलीकडे कुणी झोपलंय म्हणून आवाज खाली घेणं, नळावर आपली पाळी सांभाळणं, हे काय तुला नव्याने सांगायचं?

भाषेची धास्ती घेऊ नकोस. जपानीत क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. आणि गंमत ऐक. घरातून निघताना ते लोक ‘इत्तेकिमास’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येते’. घरातलं माणूस ‘इत्तेराश्शाई’ म्हणतं, म्हणजे ‘जाऊन ये’. आपली आजी ‘जाते’ म्हणू द्यायची नाही, आठवतं ना? तिसऱ्या दिवशी मी दारात हे म्हटलं आणि आजींनी आतून उत्तर दिलं. तेव्हा मला पहिल्यांदा त्या घरातली असल्यासारखं वाटलं. परतल्यावर ‘तादाइमा’ म्हण, ‘आले गं’ म्हणतो तसं.

जेवणाचं मात्र आत्ताच फॉर्मवर स्पष्ट लिही. त्यांच्या बहुतेक रश्श्यांच्या मुळाशी वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. आपण सुकट-बोंबील खाणारी माणसं, आपल्याला काही नाही, पण तुझ्याबरोबर येणारी मैत्रीण शाकाहारी आहे. तिने ‘मांस नको’ एवढंच लिहिलं तर मिसो सूप पुढ्यात येईलच. ताटावर बसून नाही म्हणणं घरच्या बाईंना फार लागतं.

आणि एका घरी तुम्ही दोघी असाल, तर कोपऱ्यात मराठीत कुजबुजत बसू नका. मी तेही केलंय, त्याची हळहळ आजही वाटते. स्वयंपाकघरात जा, ‘तेत्सुदाइमाशो का’ विचार, म्हणजे ‘मदत करू का’. भांडी पुसता पुसता जे कळतं ते गाइड सांगत नाही.

मुंबई आणि योकोहामा 1965 पासून भगिनी शहरं आहेत, पण नातं त्याहून जुनं. योकोहामाच्या यामाशिता बागेत घुमटाखाली एक पाणपोई आहे. 1923 च्या भूकंपानंतर शहराने मदत केली म्हणून तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी कृतज्ञतेने बांधून दिलेली. त्या घरच्यांना म्हणावं, मला तिथं न्या. गिरगावातल्या जुन्या प्याऊंचे फोटो मोबाइलमध्ये ठेव आणि तिथं उभी राहून त्यांना दाखव.

जायच्या आधी आपण दोघी वरळीला जपानी देवळात जाऊ. जपानी बौद्ध भिक्खू फुजी गुरुजी 1931 साली भारतात आले, 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. हे देऊळ त्यांच्याच संघाचं. संध्याकाळच्या प्रार्थनेला ढोल वाजतो. तासभर शांत बसून ऐक, चार दिवसांची तयारी तिथूनच सुरू होईल.

येताना चिवडा गल्लीत उतरू. महागाची भेटवस्तू नको, त्यांना परतफेडीचं ओझं होतं. सीलबंद, कमी तिखट चिवड्याची छोटी पाकिटं घेऊ, घरात आजी असतील तर त्यांच्यासाठी एक वेगळं. देताना दोन्ही हातांनी दे.