‘नंतर’ किती वेळा म्हणशील गं?

कॉम्प्युटर पुन्हा ‘रीस्टार्ट करा’ म्हणाला आणि तू पुन्हा ‘नंतर’ दाबलंस, हो ना? कारण मला माहितीये. लेकाचा प्रोजेक्ट अर्धवट, सोसायटीचे हिशेब उघडे, आणि पोटात गोळा की अपडेट केलं आणि आहे तेही बिघडलं तर? बघ, ही भीती अगदीच खोटी नाही. अपडेटनंतर कधीमधी प्रिंटर रुसतो, एखादं बटण भलतीकडे जाऊन बसतं. पण खरं सांगू का, अपडेट न केल्यावर जे होतं ते याहून फार वाईट असतं.

2017 सालचं वॉनाक्राय आठवतंय? मे महिन्यात दीडशेहून जास्त देशांतल्या कॉम्प्युटरांवरच्या फायलींना कुलूप लागलं आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांत अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. ज्या भगदाडातून हे आत शिरलं, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, म्हणजे तब्बल दोन महिने आधी. अनेकांनी ती घातलीच नव्हती.

आता घाबरू नकोस, फार काही करायचं नाहीये. विंडोजच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. त्या आठवड्यातली एखादी रात्र ठरवून टाक. जेवणं आटोपली, ओटा पुसला की सेटिंग्जमध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ उघड आणि ‘चेक फॉर अपडेट्स’ दाब. तिथेच ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ असतात. तुझ्या कामाच्या वेळा त्यात भरून ठेव, म्हणजे ऐन कामात तो आपल्या मनाने बंद होऊन सुरू होणार नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असशील तर ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेव, नाहीतर दिवसाचा सगळा डेटा दुपारीच गायब!

लॅपटॉपला चार्जर लावलेला हवा. डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे लाइट जात असेल, तर यूपीएसशिवाय हे करूच नकोस. फोटो आणि महत्त्वाचे कागद आधी एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घे. आणि अपडेटचे टक्के एकाच आकड्यावर अडून बसले तरी बटण दाबून कॉम्प्युटर बंद करायचा नाही, अजिबात नाही! मी तो शहाणपणा करून बसलेय, आणि मग भाच्याला चकल्यांचा डबा देऊन दुरुस्ती करून घेतलीये. तू चकल्या घरच्यांसाठी ठेव.

तुझा कॉम्प्युटर अजून विंडोज 10 वर आहे का ते मात्र आजच बघ. त्या विंडोजचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. कॉम्प्युटर चालू राहतो, म्हणून बायकांना वाटतं सगळं ठीक आहे. पण नवी भगदाडं बुजवायला आपोआप कोणी येत नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं फुकट अ‍ॅप आहे, ते सांगेल की तुझ्या मशीनवर विंडोज 11 चालेल का. चालत असेल तर त्यावर जा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. चालत नसेल तर घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवलीये, त्यात नाव नोंदव. लगेच नवा लॅपटॉप घ्यायला धावू नकोस. दुकानदार तेच सांगणार, त्याचा धंदाच आहे तो.

ब्राउझरचं सोपं आहे. क्रोमच्या वर उजव्या कोपऱ्यात अपडेटची खूण दिसते. ती हिरवी असेल तर ताजी, लाल झाली म्हणजे निदान आठवडाभर तू तिच्याकडे ढुंकून पाहिलेलं नाहीस. ‘रीलाँच’ दाब. टॅब परत येतात गं, काळजी करू नकोस. फक्त अर्धा भरलेला फॉर्म असेल तर तो आधी पुरा कर. काही प्रोग्रॅम मात्र स्वतःहून नवे होत नाहीत. विनरार त्यातलाच. 2023 मध्ये त्यातल्या एका भगदाडाचा चोरांनी भरपूर फायदा घेतला होता. वापरत असशील तर त्यांच्या साइटवरून नवा घे, वापरत नसशील तर काढून टाक. न वापरलेल्या प्रोग्रॅमांची अडगळ घरात हवीच कशाला?

आता सगळ्यात महत्त्वाचं ऐक. रेसिपी किंवा सिनेमा शोधताना एखादं पान किंचाळायला लागतं, ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे क्लिक करा’. तिथे क्लिक करायचं नाही. खरी अपडेट सेटिंग्जमध्ये किंवा त्या प्रोग्रॅमच्या मेन्यूत मिळते, भटक्या पानावर नाही. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा फोन आला तर सरळ ठेवून दे. मायक्रोसॉफ्ट असं आपणहून कोणाला फोन करत नाही. कितीही गोड बोलला तरी एनीडेस्कसारखं दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं अ‍ॅप उतरवायचं नाही आणि ओटीपी सांगायचा नाही.

तुला जमेल गं. सासूबाईंचं पेन्शनचं लॉगिन तूच सांभाळतेस ना? त्यापेक्षा हे सोपं आहे. आज रात्री बसच. आणि अडलं तर मला स्क्रीनचा फोटो पाठव; नुसतं ‘काहीतरी इंग्लिशमध्ये आलंय’ असं फोनवर सांगू नकोस, त्यावरून मला काही कळत नाही.