स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स मिंट: आधी चाचणी, मग पुसापुशी

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे ३२ जीबी साठवणीचे स्वस्त लॅपटॉप सरळ बाद झाले, आणि काठावर पास झालेले ४ जीबीत धापा टाकतात. अशा यंत्रांना लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चांगली मानवते. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत.

मिंट बसवणं अवघड नाही. घाई मात्र नडते, म्हणून खालच्या कृतीत निम्मा वेळ बसवण्याआधीच्या तपासणीला दिला आहे.

आधी हे ठरवा

तुमचं रोजचं काम विंडोजशिवाय अडतं का? टॅली किंवा श्रीलिपीवरचं डीटीपी याच लॅपटॉपवर होत असेल, तर विंडोज काढू नका. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पत्रं मिंटमध्ये उघडली तर अगम्य चिन्हं दिसतील. ती विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून ठेवा. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ, पत्रव्यवहार आणि हिशेबाचे तक्ते एवढंच काम असेल, तर खुशाल पुढे चला.

साहित्य

- ६४-बिट प्रोसेसरचा लॅपटॉप. रॅम किमान २ जीबी, ४ असेल तर बरं. साठवण किमान २० जीबी
- ८ जीबीचा पेनड्राइव्ह (त्यातलं सगळं पुसलं जाईल)
- फाइलींच्या प्रतीसाठी वेगळी हार्डडिस्क
- चार्जर, आणि मोबाइल व त्याची यूएसबी केबल

कृती

१. प्रत काढा. फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-दोन फाइली उघडून बघा. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये.

२. आयएसओ फाइल उतरवा. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून एक्सएफसीई आवृत्तीच घ्या. सिनॅमन दिसायला देखणी, पण रॅम जास्त खाते. फाइलसोबत एसएचए-२५६ ही लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ दिलेली असते. रुफस हे मोफत साधन तुमच्या फाइलची तीच ओळ काढून देतं. दोन्ही तंतोतंत जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर फाइल पुन्हा उतरवा.

३. पेनड्राइव्ह तयार करा. रुफसमध्ये पेनड्राइव्ह आणि आयएसओ निवडून 'स्टार्ट' दाबा. नुसती फाइल कॉपी करून पेनड्राइव्हवरून बूट होत नाही.

४. पेनड्राइव्हवरून सुरू करा. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करा आणि 'यूज अ डिव्हाइस' मधून पेनड्राइव्ह निवडा. तो पर्याय नसेल, तर लॅपटॉप सुरू होताच बूट मेनूची कळ दाबत राहा: डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांत एफ-१२, एचपीत एफ-९. सिक्युअर बूटमुळे अडलं, तर बायोसमध्ये जाऊन ते बंद करा.

५. काहीही न बसवता वापरून पाहा. आता मिंट पेनड्राइव्हवरून चालतंय, आतली साठवण जशीच्या तशी आहे. ही पायरी उरकू नका. वाय-फाय जोडा, यूट्यूब लावून आवाज ऐका, कॅमेरा उघडा, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करा. शेवटी झाकण मिटा आणि मिनिटभराने उघडा. पडदा काळाच राहिला, तर लॅपटॉप झोपेतून नीट उठत नाही असं समजा. वाय-फाय दिसत नसेल, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून पाहा. जे चालत नाही त्यावाचून तुमचं भागणार नसेल, तर इथेच थांबा: लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह काढा, विंडोज होतं तसंच आहे.

६. बसवा. चार्जर लावा. डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' वर दोनदा क्लिक करा. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा. मग महत्त्वाचा प्रश्न येतो: विंडोज ठेवायचं की 'इरेज डिस्क' करायचं? ३२ जीबीत दोघांचा संसार होत नाही, ६४ मध्येही ओढाताणच. अशा यंत्रात पूर्ण पुसणंच शहाणपणाचं. 'इन्स्टॉल नाऊ' दाबेपर्यंत माघार घेता येते, नंतर नाही.

७. जागा जपा. पहिल्यांदा सुरू झाल्यावर 'अपडेट मॅनेजर' मधून सगळे अपडेट घ्या. 'सॉफ्टवेअर मॅनेजर' मध्ये एखादा प्रोग्रॅम दोन्ही रूपांत असेल, तर फ्लॅटपॅकऐवजी सिस्टिम पॅकेज घ्या. फ्लॅटपॅक बरीच जास्त जागा अडवतं. टाइमशिफ्ट ही सोय संगणकाची आधीची स्थिती जपून ठेवते, पण ३२ जीबीच्या यंत्रात तिच्या प्रती आतच साठवल्या तर जागा संपते. त्या लिनक्सच्या ईएक्सटी-४ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

८. मराठी चालू करा. 'कीबोर्ड' च्या 'लेआउट' मध्ये 'यूज सिस्टिम डिफॉल्ट्स' ची खूण काढा, 'अ‍ॅड' दाबा आणि भारतीय गटातून मराठी निवडा. भाषा बदलायची कळही तिथेच ठरवता येते. मग सोबत आलेल्या लिब्रेऑफिसमध्ये 'खऱ्या' लिहून पाहा. इन्स्क्रिप्टमध्ये क्रम असा: शिफ्ट-के, शिफ्ट-जे, डी, तिरक्या रेघेची कळ, ई. अर्धा र डोक्यावर रफार होऊन न बसता आडवा दिसला, की लेआउट आणि फॉन्ट दोन्ही ठीक आहेत.

अपेक्षा किती ठेवावी

मिंट स्वतः कमी रॅम घेतं, ब्राउझर घेत नाही. ४ जीबीत पाच-सहा टॅब सुखाने चालतील; वीस उघडले तर विंडोजइतकंच रखडेल. मंद साठवण किंवा कमजोर सेलेरॉन प्रोसेसर कोणतीही प्रणाली बदलू शकत नाही.

आणि पेनड्राइव्ह लगेच दुसऱ्या कामाला लावू नका. उद्या लॅपटॉप सुरूच झाला नाही, तर त्याच पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून आतल्या फाइली बाहेर काढता येतात, आणि त्यातलं 'बूट रिपेअर' बहुतेक वेळा दुकानाची फेरी वाचवतं.