‘वाचलं, कायम’ म्हणण्याआधी

आमच्या वस्तीचं सांडपाणी ओढ्याकडच्या वाटेवर साचतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 1 मेच्या ग्रामसभेत मी उभा राहून गटाराचा विषय मांडला. कुणी विरोध केला नाही. ‘घ्या ठरावात’ असं समोरून मोठ्याने सांगितलं गेलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली आणि एके सकाळी पेव्हर ब्लॉकचे ट्रॅक्टर रिकामे झाले ते सरपंचांच्या आळीत.

विचारायला गेलो. आमच्या सरपंच ताई आहेत, खुर्चीत त्यांचे यजमान बसतात. “अण्णा, सभेत ठरलंय ते. तुम्ही नव्हता ना?” कुठल्या सभेत? म्हणे, ऑगस्टच्या. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मी सभेला थांबलो होतो. कोरम नाही म्हणून तहकूब केल्याचं माझ्यासमोरच जाहीर झालं. ती तहकूब सभा पुढच्या आठवड्यात उरकली होती! दवंडी दिली होती म्हणे. ओढ्यापलीकडे ती एकानेही ऐकलेली नाही. नोटीस लावली होती म्हणे. तो फळा जाळीच्या दाराआड, आणि दाराला कुलूप. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येतं. त्या आठवड्यातलं सगळं वर सरकवून पाहिलं. वाढदिवस, सत्कार, कुणा नेत्याच्या दौऱ्याचे फोटो. सभेबद्दल अवाक्षर नाही.

प्रोसिडिंगची नक्कल मागितली तेव्हा ग्रामसेवक हसले. “ठेवा अर्ज टेबलावर.” पोच मागितली, तर “आमच्यावर विश्वास नाही का अण्णा?” शेवटी माहिती अधिकारात नक्कल मिळाली. मे महिन्याच्या ठरावात लिहिलं होतं: वस्तीवरील गटाराबाबत चर्चा झाली, निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात यावा, सर्वानुमते मंजूर. त्या सर्वांत मीही आलो. हजेरीत माझी सही आहेच, सभा सुरू होतानाच वही फिरवून घेतलेली. मी जे मागितलं ते नको म्हणायला मीच हात वर केला, असा तो कागद सांगतो. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि अजूनही तो कागद काढला की कानशिलं तापतात. मी विरोधी पॅनेलचा म्हणून ओरडतो, असं पारावर बोललं जातंय. बोलू देत. कागद त्यांच्याच हाताने लिहिलेला आहे.

आता ज्यांच्या गावात असंच चालतं त्यांच्यासाठी. विषयपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला असतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. ग्रामसेवक पान उलटतात, कुणीतरी ‘वाचलं, कायम’ म्हणतं आणि पुढे सरकतात. तिथेच अडवा. तुमच्या विषयाचा ठराव शब्दन् शब्द वाचायला लावा. ‘विचार करण्यात यावा’ ऐकू आलं, तर समजा की काम झालेलं नाही. ‘आराखड्यात घेण्यात यावे’ असं हवं. शेवटचा विषय ‘आयत्या वेळी येणारे’. आमच्याकडचे पेव्हर ब्लॉक त्याच दाराने आत आले.

कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती. पण तहकूब सभेला कोरमच लागत नाही, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. म्हणून सभा तहकूब झाली की तिथेच उभं राहून पुढची तारीख विचारा, चारचौघांसमोर, आणि फोनमध्ये रेकॉर्ड करा. हे लोक तोंडी शब्दाला बधत नाहीत.

‘निधीच आला नाही’ हे ऐकून गप्प बसू नका. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी बंधित होता, फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. सांडपाण्याचं काम त्यातच बसतं. कुठल्या कामाला किती रक्कम धरली, ते ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर दिसतं. भाचीने मला काढून दाखवलं, तेव्हा ग्रामसेवकांच्या हसण्याचा अर्थ लागला.

माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. ‘ग्रामसभेची सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका, ते त्यांच्या पथ्यावर पडतं. तारीख घालून मूळ आणि तहकूब अशा दोन्ही सभांची नोटीस, विषयपत्रिका, हजेरी आणि इतिवृत्त वेगवेगळं मागा. दोन्ही विषयपत्रिका शेजारी ठेवल्या की मधे काय घुसवलंय ते उघडं पडतं. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. बाकी एकजूट ठेवा, घाबरू नका, वगैरे आहेच. आमच्या वस्तीत ती एकजूट किती टिकली ते विचारू नका. ज्यांच्या दारात पाणी साचतं त्यांतल्याच दोघांनी परवा यजमानांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला.